गुत्ता आणि टॅव्हर्न : एका न उरलेल्या वास्तूविषयी

इंग्रजी 'टॅव्हर्न' या शब्दाचे मराठी करू पाहणाऱ्यास शब्दांची वाण पडत नाही. अडचण निराळीच येते. मद्यगृह, पानगृह, मधुशाला हे शब्द संस्कृताच्या आधारे घडविलेले असून ते ग्रंथाबाहेर क्वचितच पडतात. गुत्ता, पिठा, भट्टी हे बोलण्यातले खरे शब्द. पण त्यांपैकी एकानेही टॅव्हर्न या संस्थेचा पुरता बोध होत नाही. टॅव्हर्नमध्ये पिणे होते तसे जेवणही होते. वाटसरूस निजावयास खोली होती, त्याच्या घोड्यास तबेला होता, वाचावयास वर्तमानपत्र होते आणि गावच्या मंडळींची सभा भरविण्यास एक ऐसपैस दालन होते. वसाहतकाळातील अशी काही घरे अमेरिकेत आज स्थानिक इतिहासाची संग्रहालये म्हणून उभी आहेत. महाराष्ट्रात वाडे, राजवाडे, किल्ले, पुढाऱ्यांची निवासस्थाने यांची संग्रहालये झाली. गुत्त्याचे झाले नाही. याचे कारण केवळ मद्याविषयीच्या नैतिक तिटकाऱ्यात शोधणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. त्या कारणाचा काही भाग महसुलाच्या पद्धतीत दडलेला आहे आणि त्याची खूण भाषेने राखून ठेवली आहे.

प्रथम तुलनेसाठी परदेशातील एक उदाहरण पाहावे. न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीट व ब्रॉड स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर फ्रॉन्सिस टॅव्हर्न नावाची वास्तू आहे. १७१९ साली स्टीफन डिलान्सी या व्यापाऱ्याने राहण्याकरिता बांधविलेले हे घर १७६२ साली सॅम्युएल फ्रॉन्सिस याने विकत घेतले आणि तेथे 'क्वीन्स हेड' या नावाने टॅव्हर्न उघडले. ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या सेनाधिकाऱ्यांचा निरोप घेतला तो याच घराच्या दालनात. पुढे काही काळ नव्या राष्ट्राच्या परराष्ट्र, युद्ध व अर्थ या खात्यांच्या कचेऱ्याही येथेच होत्या. एकोणिसाव्या शतकात आगींमुळे घराचे रूप पालटले, वर मजले चढले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते पाडले जाण्याची वेळ आली. १९०४ साली 'सन्स ऑफ द रेव्होल्यूशन' या संस्थेने ते विकत घेतले आणि १९०७ साली ते जनतेस खुले झाले. मूळ घर कसे दिसत होते याचा विश्वसनीय पुरावा हाती नसल्याने विल्यम मर्सेरो या वास्तुविशारदाने त्या काळातील इतर घरांवरून अंदाज बांधला. म्हणजे आज दिसते ते बरेचसे अनुमान आहे. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील रॅली टॅव्हर्नची कथा याहून पुढची. तेथील मूळ इमारत १८५९ साली जळून गेली होती. पायाचे उत्खनन व जुनी चित्रे यांच्या आधाराने ती नव्याने उभारून १९३२ साली खुली करण्यात आली. तेव्हा वास्तू टिकली म्हणून स्मरण टिकले, असे या दोन्ही ठिकाणी म्हणता येत नाही. स्मरण हवे होते, म्हणून वास्तू पुन्हा उभी राहिली. हे हवेपण कोठून आले, हाच खरा प्रश्न होय.

आता शब्दांकडे वळावे. 'टॅव्हर्न' हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन 'ताबेर्ना' हे होय. ताबेर्ना म्हणजे झोपडे, दुकानाची खोली. फळ्या व तुळया यांनी उभे केलेले छप्पर. तंबू या अर्थाचा 'ताबेर्नाकुलुम' हा त्याच कुळातला शब्द. पोर्तुगीज 'ताव्हेर्ना' आणि त्यावरून कोकणीत रुळलेले 'ताव्हेर्न' याच मुळाचे. अर्थाचा प्रवास झोपडीपासून दुकानाकडे आणि दुकानापासून पानगृहाकडे झाला. परंतु प्रत्येक टप्प्यावर शब्द वास्तूलाच चिकटून राहिला.

मराठी 'गुत्ता' या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. हा शब्द द्राविडी भाषांकडून आला. तेलुगू 'गुत्त' व कन्नड 'गुत्तिगे' यांचा अर्थ मक्ता, खंड, ठरावीक रकमेवर घेतलेला हक्क असा आहे. त्यांत मद्याचा मागमूस नाही. मराठवाड्यात आजही रस्ता वा पूल बांधणाऱ्या कंत्राटदारास 'गुत्तेदार' म्हणतात, आणि त्या गृहस्थाने आयुष्यात दारूस स्पर्श केलेला नसला तरी त्या संबोधनाने त्यास राग येत नाही. पुण्यामुंबईच्या माणसास मात्र हा शब्द ऐकून क्षणभर चमकल्यासारखे होते. कारण पश्चिम महाराष्ट्रात मक्त्याचा मूळ अर्थ मागे पडून 'दारूचा गुत्ता' एवढाच प्रयोग उरला, आणि पुढे 'दारूचा' हे विशेषणही गळून पडले. एकच शब्द, पूर्वेकडे करार, पश्चिमेकडे पिण्याची जागा. हिंदीत 'ठेका' या शब्दाचे असेच झाले आहे. गोव्यात ताडमाड काढणाऱ्यास 'रेंदेर' म्हणतात. त्याचाही संबंध मक्तेदार, खंडकरी या अर्थाच्या पोर्तुगीज 'रेंदेइरू' या शब्दाशी लावला जातो. आणि विसाव्या शतकात दारूबंदीच्या कायद्याने परवान्याची पद्धत आणली तेव्हा मराठी माणसाने पिण्याच्या जागेस जे नवे नाव दिले ते 'परमिट रूम' हे होते. करार, परवाना, पुन्हा परवाना. आपल्याकडे मद्यपानाच्या स्थळास इमारतीवरून किंवा मालकावरून नाव क्वचितच पडते; सरकारने ज्या कागदाने ते चालू दिले, त्या कागदावरून पडते.

हे काही भाषेचे लहरी वर्तन नव्हे. अबकारी उत्पन्नाचा मक्ता ठरावीक मुदतीसाठी लिलावाने देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात आणि निजामाच्या राज्यातही होती. ज्याची बोली मोठी त्यास दुकान. पुढच्या लिलावात दुसऱ्याची बोली चढली म्हणजे पहिला मक्तेदार आपले हंडे, मापे व गडी घेऊन चालता होई. अशा व्यवसायात घर बांधण्यावर पैसा कोण घालील? उसनी जागा, कुडाच्या भिंती, एक फळी आणि मागे रांजण, एवढ्यावर भागत असे. फ्रॉन्सिसने घर विकत घेतले, त्यावर पाटी लावली आणि ते घर व ती पाटी मिळून त्याची पत झाली. गुत्तेदाराची पत त्याच्या बोलीत होती. तेव्हा गुत्त्याची वास्तू उरली नाही, यापेक्षा ती कधी उभीच राहिली नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा व्यवहार आणखी एका दिशेने वळविला. तोवर गावोगावी लहान भट्ट्या होत्या. गाळणारा आणि विकणारा बहुधा एकच असे, आणि तो त्याच पंचक्रोशीतला असे. 'कलाल' हे जातिनाम संस्कृत 'कल्यपाल' या शब्दापासून प्राकृतमार्गे आले आहे, यावरून या धंद्याचे प्राचीनत्व ध्यानी यावे. नव्या व्यवस्थेचा रोख दारू सरकारी देखरेखीखाली मोजक्या ठिकाणी गाळली जावी आणि तिच्यावर गाळतानाच कर बसावा, असा होता. उरणच्या मोहाच्या भट्ट्यांना जे महत्त्व आले ते या ओघात. पुढे १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्या फुलांवर आदिवासींचे उन्हाळ्यातले अन्नही अवलंबून होते त्या फुलांची गणना दारूच्या कच्च्या मालात झाली. महसुली दृष्टीचा यापेक्षा स्पष्ट नमुना सापडणे कठीण. गावातला गाळणारा नाहीसा झाला. उरला तो बाहेरून आलेला माल विकणारा मक्तेदार. गावाशी दुकानाचे जे काही नाते होते ते अशा रीतीने आणखी विरळ झाले.

मद्याविषयीचा सामाजिक आक्षेप या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. पेशवाईत मद्यावर निर्बंध होते. इंग्रजी अमलात तेच मद्य उत्पन्नाचे साधन बनले, तेव्हा त्यास होणाऱ्या विरोधाचे स्वरूपही बदलले. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने दुकानांसमोर निरोधन झाले. एरवी एकमेकांपासून दूर असणाऱ्या या दोन परंपरा येथे एका बाजूस येतात, कारण दोघांच्याही दृष्टीने गुत्ता हा सरकारचा हात होता. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांच्या मनाची भूमी आधीच नांगरलेली होती.

निजामाच्या राज्यात तर हा अर्थ अधिकच उघड झाला. अबकारी हे दरबारच्या उत्पन्नाचे एक प्रमुख अंग होते. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके जाळले त्याबरोबर शिंदीची झाडेही तोडली. झाड तोडणे हा येथे व्यसनाविरुद्धचा उपदेश जितका होता तितकाच खजिन्यावरचा घाव होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाल्यावर तेथील १९४९ चा दारूबंदी कायदा मराठवाड्यासही लागू झाला. मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी एप्रिल १९५० पासून होती. मुंबई शहराने तर १९३९ सालीच तिचा एक प्रयोग पाहिला होता. १९७० नंतरच्या वर्षांत देशी दारूस पुन्हा वाट मिळाली, परंतु मधल्या खंडात जुन्या दुकानांची जी काही साखळी होती ती तुटली. ज्या संस्थेवर आधी राष्ट्रीय चळवळीने आणि नंतर राज्याने बहिष्कार घातला, तिची स्मृती जपण्यास पुढे कोण येणार? अमेरिकेत क्रांतीच्या सभा टॅव्हर्नमध्ये भरल्या. येथे स्वातंत्र्याच्या चळवळीने गुत्त्यासमोर ठाण मांडले, पण ते त्याच्या दाराबाहेर.

येथे एका समजुतीची तपासणी करणे आवश्यक आहे. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी हे गाव आहे. २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. अंतरवाली नावाची गावे या भागात एकाहून अधिक असल्याने त्यास जोडनाव लागणे स्वाभाविक होते. 'सराटी' या जोडनावात फारसी 'सराई' ऐकू येते, आणि गोदावरीकाठचे शहागड व जालना ही जुनी ठाणी लक्षात घेतली म्हणजे येथे एखादी सराई असेल, अशी कल्पना मनात डोकावते. परंतु ध्वनिदृष्ट्या ही व्युत्पत्ती टिकत नाही. 'सराय' या शब्दाची मराठी रूपे 'सराय' किंवा 'सराई' अशीच होतात. त्यात 'ट' कोठून आला याचे उत्तर देता येत नाही. उलट सराटा, म्हणजे गोखरू, ही काटेरी वनस्पती माळरानावर सर्वत्र उगवते, आणि बोरी, बाभळी, पिंपळी यांसारखी वनस्पतींवरून पडलेली ईकारान्त ग्रामनामे मराठीत विपुल आहेत. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात नीरेकाठी सराटी नावाचेच दुसरे गाव आहे. तुकारामांच्या पालखीचा तेथे मुक्काम असतो. तेथेही वाटसरूंच्या वस्तीवरून सराईकडे धाव घेण्याचा मोह होईल, परंतु पालखीच्या वाटेवर असणे आणि नावात सराई असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्थलनामांच्या अभ्यासात वास्तूची आवड ही पुष्कळदा काट्याला इमारत बनविते.

खरी सराई पाहावयाची तर जालन्यास जावे. तेथील जमशेदखानाने बांधविलेल्या काळ्या मशिदीच्या जोडीने हमाम व सराई यांचा उल्लेख होतो. मोती तलावही त्याच्याच नावाशी जोडला जातो. सराईत काय होते, यापेक्षा काय नव्हते हे येथे महत्त्वाचे. तेथे छप्पर होते, पाणी होते, रात्री बंद होणारा दरवाजा होता. शिजविणे ज्याचे त्याने. धर्मशाळेचीही रीत तीच. जातिधर्माच्या स्पर्शास्पर्शामुळे निवारा आणि अन्न यांची फारकत झाली होती, आणि पेय तर त्याहून दूर, गावकुसाच्या कडेस. ज्या गोष्टी टॅव्हर्नमध्ये एका छपराखाली होत्या त्या येथे सराई, खानावळ, गुत्ता आणि चावडी अशा चार ठिकाणी वाटल्या गेल्या. स्थानिक इतिहासाची स्मृती त्यांपैकी चावडीकडे गेली. पाराकडे आणि देवळाच्या सभामंडपाकडे गेली. टॅव्हर्न-संग्रहालयाचा मराठी प्रतिशब्द शोधावयाचा तर तो जतन केलेल्या गुत्त्यात नव्हे, जतन केलेल्या चावडीत सापडेल. दुर्दैवाने जुन्या चावड्यांकडेही आपले लक्ष बेताचेच आहे.

ही फारकत मात्र अनादि नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात पानागाराचे वर्णन येते. त्यास अनेक कक्ष असावेत, शय्या व आसने वेगवेगळी असावीत, गंध, माल्य व उदक असावे आणि प्रत्येक ऋतूत तेथे सुख वाटावे, असे तेथे विहित आहे. प्रत्यक्षात असे पानागार किती होते हा प्रश्न वेगळा. पण शास्त्रकाराच्या डोळ्यांसमोर एक बांधलेली, सजविलेली वास्तू होती, यात शंका नाही. त्याच प्रकरणात हेर नेमून पिणाऱ्यांच्या खर्चावर लक्ष ठेवण्यासही सांगितले आहे. राज्याचा डोळा तेव्हाही होता. फक्त त्या डोळ्यासमोर एक घर होते.

इंग्रजांनी आपले टॅव्हर्न येथे आणले नाही असे नाही. त्यांच्या वखारींभोवती जी पेयगृहे निघाली त्यांस 'पंचहाऊस' म्हणत. यातील 'पंच' म्हणजे पाच, कारण पेयात पाच पदार्थ पडत, अशी व्युत्पत्ती सतराव्या शतकातील प्रवासी जॉन फ्रायर याने दिली आहे, आणि गोव्याजवळच्या नेरूळ येथील मद्याची तारीफही त्याने त्याच ठिकाणी केली आहे. व्युत्पत्ती निर्विवाद नसली तरी शब्द भारतीय भूमीवर घडला हे निश्चित. १६३२ सालच्या एका इंग्रजी पत्रात तो आढळतो आणि १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लोनेही त्याच्याशी जुळणारे नाव नोंदविले आहे. शब्द विलायतेस गेला आणि तेथे मानाने राहिला. मुंबईच्या कोटातील पंचहाऊस मात्र काळाच्या ओघात पुसली गेली. खलाशी व शिपाई हे त्यांचे गिऱ्हाईक, आणि असे गिऱ्हाईक स्मारके मागत नाही. उच्चभ्रूंसाठी पुढे हॉटेले आली. त्यांपैकी १८७१ साली उघडलेल्या वॉटसन हॉटेलची ओतीव लोखंडाची इमारत 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावाने एकविसाव्या शतकापर्यंत उभी राहिली, जुलै १८९६ मध्ये तेथे ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखविली गेली म्हणून चित्रपटाच्या इतिहासात तिचे नाव झाले; तरीही तिचे संग्रहालय झाले नाही आणि मोडकळीस आल्याने २०१९ साली ती रिकामी करावी लागली. जालन्याच्या छावणीची गत याहून साधी. हैदराबाद कंटिन्जंटची ही छावणी १९०३ साली मोडली. सदर बाजार हे नाव तेवढे जालन्यात राहिले.

गोव्याची स्थिती वेगळी आहे, आणि ती वेगळी असण्याचे कारण पुन्हा मालकीत आहे. तेथील ताव्हेर्न हे बहुधा घराच्याच पुढच्या खोलीत असते. मागे कुटुंब राहते, पुढे दोन बाके आणि फळी. बापानंतर मुलगा, नवऱ्यानंतर बायको ते चालविते. काजूच्या राईंचा लिलाव तेथेही होतो, परंतु विकण्याची जागा घराची राहिली. १८७८ च्या आंग्ल-पोर्तुगीज तहाने ब्रिटिश पद्धतीची अबकारी गोव्यास लावण्याचा प्रयत्न झाला, मात्र १८९२ साली तो तह संपुष्टात आला. १९६१ च्या मुक्तीनंतर शेजारच्या राज्यातील दारूबंदी गोव्यात आली नाही. म्हणून साखळी तुटली नाही. २००९ साली काजूच्या फेणीस भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि २०२१ साली कांदोळी येथे एका संग्राहकाने मद्याला वाहिलेले संग्रहालय उघडले. त्यात फेणीची जुनी मापे, मडकी, काचेचे मोठे गाराफांव आणि बाटल्या मांडल्या आहेत. ही वस्तूंची जपणूक आहे. वस्तू ज्या बाकांभोवती फिरत त्या खेड्यातल्या ताव्हेर्नची जपणूक अजून व्हावयाची आहे, आणि पर्यटनाच्या रेट्याने त्या खोल्यांचे बार होत असताना तिला फार अवधी उरलेला नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासकास वास्तू मिळणार नाही. त्यास कागद मिळतील. मक्त्यांच्या नोंदी, लिलावातील बोली, थकबाकीचे अर्ज, हद्दीवरून झालेले तंटे यांतून कोण कोठे बसून विकत होता आणि कोण पीत होता याचा नकाशा उभा करता येणे शक्य आहे. मुंबई इलाख्याचे दप्तर इंग्रजीत व मोडीत आहे. मराठवाड्याचे दप्तर निराळ्या वाटेने गेले. हैदराबाद दरबाराने १८८४ साली कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू केली. त्यानंतरच्या साठांहून अधिक वर्षांत अंबड, जालना, परतूर या तालुक्यांच्या अबकारीविषयी दरबारी जे लिहिले गेले ते मुख्यतः उर्दूत. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मोडीबरोबर शिकस्ता वळणाची उर्दू वाचण्यास शिकावे. 'गुत्ता' हा शब्द त्या कागदांत त्यास जागोजागी भेटेल, आणि तेथे त्याचा अर्थ अजून करार असाच असेल.